तिथी पाहून ठरवलेले अलिबाग

एका मुक्कामासाठी अलिबागला जायचे असे घरात ठरले, तेव्हा मी सर्वांत आधी भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढली आणि माघ महिन्यातल्या शनिवार-रविवारांच्या तिथी पाहिल्या. राहण्याची जागा, बोटीचे तिकीट, जेवणाची सोय या सगळ्या गोष्टी त्यानंतरच्या. ज्यासाठी आम्हाला जायचे होते तो कुलाबा किल्ला भर समुद्रात उभा आहे आणि त्याच्यापर्यंत पायी किंवा घोडागाडीने जाण्याची वाट फक्त ओहोटीच्या वेळी उघडी पडते. मुंबईहून जाणारी कितीतरी कुटुंबे सुट्टी मिळेल त्या दिवशी निघतात, दुपारी किनाऱ्यावर पोहोचतात आणि भरती लागलेली पाहून किल्ल्याकडे लांबूनच बघत परत फिरतात. ज्या किल्ल्यावरून कान्होजी आंग्र्यांनी इंग्रज आणि पोर्तुगीज या दोन्ही दर्यावर्दी सत्तांना धाकात ठेवले, त्याच्या इतक्या जवळ जाऊन आत पाऊल न टाकता परतावे लागणे मला फार खेदाचे वाटते, आणि ते टाळता येण्याजोगे असल्यामुळे अधिकच.

आमच्याबरोबर आई येणार होती. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिला कुठे आणि किती चालावे लागेल हा प्रत्येक निर्णयातला पहिला प्रश्न होता. किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाचे दर्शन घ्यायची तिची फार दिवसांची इच्छा होती. माझी मुलगी आठवीत आहे आणि शाळेत मराठ्यांच्या आरमाराविषयी शिकल्यापासून तिला एखादा जलदुर्ग आतून पाहायचा होता. आजी आणि नात या दोघींना एकाच ठिकाणी, एकाच वेळी आणि फारसे न थकता नेण्याची जबाबदारी माझ्यावर होती.

भरतीची वेळ तिथीवरून काढण्याचा हिशोब आईला तोंडपाठ आहे. तिचे माहेर वसईचे, त्यामुळे लहानपणापासून तिने तो ऐकलेला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, म्हणजे त्या दिवशीच्या पूर्ण भरतीचा अंदाजे तास मिळतो. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमी असेल तर सहाच्या सुमारास. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. हिशोब शुक्ल पक्षाला आणि कृष्ण पक्षाला सारखाच लागू पडतो. यामागचे कारण सोपे आहे. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटे उशिरा डोक्यावर येतो आणि त्याच्यामागोमाग भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते, म्हणून एका तिथीला पाऊण तास हे प्रमाण मुंबईच्या आणि उत्तर कोकणाच्या किनाऱ्यावर पुष्कळसे बरोबर बसते.

पण केवळ वेळ काढून काम भागत नाही, हे मला कागदावर आकडे मांडताना लक्षात आले आणि या आखणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच होता. वरवर पाहिले तर अष्टमी उत्तम वाटते, कारण त्या दिवशी ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण होते आणि सकाळी सावकाश उठून, नाश्ता करून किल्ल्यावर जाता येते. मात्र अष्टमीच्या आसपास समुद्राला भांग असतो. सूर्य आणि चंद्र यांच्या ओढी एकमेकींना काटकोनात पडल्यामुळे त्या दिवसांत पाणी फार चढतही नाही आणि फार ओसरतही नाही. परिणामी ऐन ओहोटीलाही किल्ल्याच्या वाटेवर पाणी शिल्लक राहते आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते पाणी तुडवत नेणे योग्य नाही. उलट पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते, पाणी दूरवर मागे जाते आणि ओली, घट्ट वाळू उघडी पडते, पण त्या दिवशी पूर्ण ओहोटी येते ती पहाटे आणि संध्याकाळी सव्वापाच-सहाच्या सुमारास. पहाटे अंधार आणि संध्याकाळी किल्ल्यातून परतेपर्यंत पुन्हा अंधार.

मग मी दोन्हींच्या मधल्या तिथी पाहिल्या. द्वादशी-त्रयोदशीला ओहोटी दुपारी तीन ते पावणेचारच्या सुमारास येते आणि उधाण जवळ आलेले असल्यामुळे पाणीही चांगले ओसरते. हा पर्याय थंडीच्या दिवसांत वाईट नाही, तरी रविवारी त्या वेळी किल्ल्यावर गेल्यास त्याच संध्याकाळी मुंबईला परतण्याची घाई होते. तृतीयेला मात्र भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठला. पौर्णिमेचे उधाण नुकतेच होऊन गेलेले असते, त्यामुळे पाणी पुरेसे मागे जाते. फेब्रुवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे कोवळ्या उन्हात जाऊन ऊन तापायच्या आत परत येता येते. माघ कृष्ण पक्षातला द्वितीया-तृतीयेचा शनिवार-रविवार म्हणूनच मी पक्का केला. शुक्ल पक्षातली तृतीया याच कामाची होती, पण दुसऱ्याच दिवशी माघी गणेश जयंती असल्याने देवळात मोठी गर्दी होईल हे उघड होते. आईची संकष्टीही सोमवारवर जात होती, त्यामुळे रविवारी दुपारच्या जेवणात मासे असायला तिची हरकत नव्हती.

हिशोब कितीही जुना असला तरी समुद्राच्या बाबतीत एकाच आधारावर विसंबू नये, असे माझे मत आहे. म्हणून मी मुंबई बंदराचा भरती-ओहोटीचा छापील तक्ता पाहिला. वेळेत थोडा फरक होता, पण आखणी बदलावी इतका नव्हता. त्यानंतर अलिबागमध्ये घरगुती राहण्याची सोय करणाऱ्या काकूंना फोन केला आणि खोलीचे भाडे विचारण्याआधी त्या रविवारी पाणी किती वाजता ओसरेल हे विचारले. त्यांनी क्षणभरही न थांबता सांगितले, "ताई, आठ-सव्वाआठला पूर्ण ओहोटी. तुम्ही सातला किनाऱ्यावर या, आईंना घोडागाडीत बसवा आणि साडेनऊच्या आत परत फिरा. पाणी फिरलं की थांबायचं नाही." आईची पाऊणपट, बंदराचा तक्ता आणि काकूंचा शब्द अशा तिन्ही गोष्टी जुळल्यानंतरच मी त्यांना खोलीची आगाऊ रक्कम पाठवली.

या वेळेमुळे राहण्याची जागा कुठे घ्यायची हेही आपोआप ठरले. वरसोली, नागाव, किहीम या गावांत नारळी-पोफळीच्या वाड्यांतली सुंदर घरे मिळतात आणि निव्वळ विश्रांतीसाठी जायचे असेल तर मीही तीच निवडली असती. पण रविवारी सकाळी सातला किनाऱ्यावर असायचे तर मुक्काम अलिबाग शहरातच, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर हवा होता. काकूंच्या घराला अंगण होते, खोली तळमजल्यावर होती आणि स्वच्छतागृहात धरायला कठडा होता. या तीन गोष्टी मी प्रत्येक ठिकाणी नेमक्या विचारल्या, कारण ज्येष्ठ माणूस बरोबर असताना खिडकीतून समुद्र दिसतो की नाही यापेक्षा त्या कितीतरी महत्त्वाच्या ठरतात. एका ठिकाणी तळमजल्याची खोली देतो असे सांगून नंतर निरोपात दुसऱ्या मजल्याचा उल्लेख आला. ती जागा मी तिथेच सोडून दिली.

जाण्याच्या मार्गाचा विचार करतानाही तोच तक्ता कामी आला. दादरहून अलिबागला रस्त्याने जायचे तर पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड असा सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास होतो. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून शिवडीहून खाडी ओलांडणे पुष्कळ सोपे झाले आहे, तरी वडखळपासून पुढचा रस्ता तोच राहतो आणि शनिवारी सकाळी तिथे किती वेळ जाईल याचा भरवसा कोणीही देऊ शकत नाही. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी पावसाळ्याचे महिने सोडले तर नियमित सुटतात, साधारण तासाभरात पोहोचवतात आणि त्यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग ही बस येते, त्यामुळे धडधाकट माणसांसाठी ती सर्वांत सोयीची आणि स्वस्त वाट आहे. पण द्वितीयेच्या शनिवारी सकाळी साडेसातच्या सुमारास ओहोटी होती. उधाणानंतरच्या ओहोटीत गेटवेच्या धक्क्यावरचे पाणी बरेच खाली जाते, शेवाळ धरलेल्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि तेवढ्या पायऱ्या उतरून हलत्या बोटीत पाय टाकावा लागतो. आईसाठी ते धोक्याचे होते. म्हणून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी, मार्च २०२० मध्ये सुरू झालेली रो-रो बोट आम्ही घेतली. तिच्यात गाड्या चढवण्याची सोय असली तरी गाडीशिवायही जाता येते. मांडव्याहून अलिबाग सुमारे वीस किलोमीटर आहे. त्या अंतरासाठी काकूंनी त्यांच्या ओळखीच्या मिनीडोर रिक्षावाल्याला धक्क्यावर थांबायला सांगितले होते.

आखणीत सर्वांत कठीण गेले ते नको म्हणणे. माझ्या पतींचा आग्रह होता की एवढे जातोच आहोत तर मुरूडचा जंजिराही पाहावा, आणि मुलीने काशिदच्या किनाऱ्याची छायाचित्रे दाखवायला सुरुवात केली होती. अलिबागहून मुरूड साधारण पन्नास किलोमीटर आहे. वळणावळणाच्या रस्त्याने तिथे जाऊन परत यायचे आणि जंजिऱ्यासाठी शिडाच्या होडीची रांग लावायची, म्हणजे एक पूर्ण दिवस तिकडेच गेला असता. रेवदंडा-चौल सोडताना मला स्वतःला अधिक हळहळ वाटली, कारण पोर्तुगीजांनी १७४० मध्ये मराठ्यांच्या स्वाधीन केलेली ती जागा, तिथला सातखणी मनोरा आणि खाडीपलीकडचे कोर्लई हे सारे अलिबागपासून वीस-पंचवीस किलोमीटरच्या टप्प्यात आहे. तरीही मी ते वगळले. ऐतिहासिक गावात थोडक्या वेळासाठी गेल्यावर एकच गाव नीट पाहावे, त्याच्या गल्ल्यांतून चालावे आणि दुपारी आईला दोन तास आडवे होऊ द्यावे, यालाच मी सुट्टी म्हणते. घरच्यांनी ते शेवटी मान्य केले.

गावातली ठिकाणे क्रमाने लावताना आणखी एक तिथी सांभाळावी लागली, ती पंचांगाबाहेरची. अलिबागमध्ये बेने इस्राएल या ज्यू समाजाचे मागेन आबोथ हे सिनेगॉग आहे. ते मुळात १८४८ मध्ये बांधले गेले आणि १९१० मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली. या समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी फुटले आणि वाचलेली कुटुंबे इथेच वसली. ती तेल गाळण्याचा व्यवसाय करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. मराठी बोलणाऱ्या, मराठी जेवणाऱ्या या समाजाचे प्रार्थनास्थळ मुलीला दाखवावे असे मला मनापासून वाटत होते. पण शनिवार हाच त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा दिवस, त्या दिवशी नुसते पाहायला म्हणून जाणे उचित नव्हे. मी ती भेट रविवारी दुपारनंतर ठेवली आणि आत येता येईल का हे काकूंमार्फत आधी विचारून घेतले. शनिवारच्या वाट्याला मग कान्होजींची समाधी, त्यांनी १७२० मध्ये बांधलेला हिराकोट किल्ला बाहेरून आणि समुद्राजवळची चुंबकीय वेधशाळा आली.

वेधशाळेचा इतिहास मी मुद्दाम वाचून गेले होते, कारण त्याचा एक धागा मुंबईत आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी आधी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत होत असत. शहरात विजेवर चालणारी ट्राम येणार हे ठरल्यावर तिच्या प्रवाहाने त्या नाजूक उपकरणांच्या नोंदी बिघडणार होत्या. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांनी नवी जागा शोधून अलिबागला १९०४ मध्ये काम सुरू केले, लोखंडासारखे चुंबकीय पदार्थ टाळून इमारती उभारल्या आणि दोन्ही ठिकाणच्या नोंदी काही काळ समांतर ठेवून मगच मुंबईतल्या बंद केल्या. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ मध्ये. येणाऱ्या अडचणीची तयारी ती येण्याच्या आधीच करणाऱ्या त्या माणसाविषयी मला अत्यंत आदर वाटतो. इमारत आम्ही कुंपणाबाहेरूनच पाहिली, पण ही हकीगत ठाऊक असल्यामुळे मुलगी तिथून हलायला तयार नव्हती.

शनिवारी रात्रीच्या जेवणाचेही आधीच ठरवले होते. माघात रायगडमध्ये वालाच्या शेंगा भरात असतात आणि त्या दिवसांतच पोपटी खावी. ती ऐनवेळी मागून मिळत नाही. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्यात शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी रचावी लागते, वर पुन्हा पाला दाबून मडके पालथे ठेवून भोवती जाळ करावा लागतो, आणि पाण्याचा थेंब न घालता सारे वाफेवर शिजते. काकूंना आठवडाभर आधी कळवल्यामुळे त्यांनी पाला आणून ठेवला होता आणि आईसाठी केवळ शेंगा-बटाट्यांचे वेगळे लहान मडके लावले होते. अंगणात जाळाभोवती बसून खाल्लेल्या त्या शेंगांची चव मी तिथल्या कोणत्याही महागड्या हॉटेलातल्या जेवणापेक्षा वरची मानते.

रविवारी सातला किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा पाणी बरेच मागे गेले होते आणि घोडागाड्या उभ्या होत्या. आई आणि मुलगी गाडीत बसल्या, आम्ही दोघे ओल्या वाळूतून चालत निघालो. वाटेत कुठेकुठे घोट्याएवढे पाणी लागले, त्याहून अधिक नाही. महाद्वाराशी उतरल्यावर आईला सावकाश चालण्यासाठी भरपूर वेळ होता, कारण ओहोटी पूर्ण व्हायला अजून बाकी होती. छत्रपती शिवाजी महाराजांनी आयुष्याच्या अखेरीस, १६८० मध्ये, या किल्ल्याचे काम सुरू करवले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. तटाचे प्रचंड दगड एकमेकांवर नुसते रचलेले आहेत, सांध्यांत चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. मुलीने फटीत बोटे घालून ते स्वतः तपासले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन अलिबागवर चालून आले, कान्होजींच्या मदतीला बाजीराव पेशवे धावून गेले आणि ती मोहीम फसली, हे तिला तटावर उभे राहून सांगताना पुस्तकातल्या परिच्छेदाला प्रथमच दिशा मिळाली. जमिनीकडची बाजू कुठली आणि खुल्या समुद्राकडची कुठली, हे तिथूनच कळते.

रघुजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेल्या देवळात सिद्धिविनायकासह पंचायतन आहे. आईने तिथे अथर्वशीर्षाचे आवर्तन केले. चहूकडे खारे पाणी असताना किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे, ती तिने वाकून पाहिली. समुद्राच्या बाजूच्या तटावर चाकांच्या गाड्यावरच्या दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यांच्यावर १८४९ हे साल कोरलेले आहे. आंग्र्यांचे राज्य इंग्रजांनी १८४० मध्ये खालसा केले होते, म्हणजे या तोफा आंग्र्यांच्या नव्हेत. हे मुलीने सालांवरून स्वतः ओळखले, तेव्हा मला झालेला आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे. शेजारच्या सर्जेकोट या लहान किल्ल्यापर्यंत मात्र आईला नेले नाही. ती देवळाच्या ओट्यावर बसून राहिली आणि आम्ही तिघे तिकडे जाऊन आलो. सव्वानऊला निघून वाटेवर पाणी चढायच्या आत किनारा गाठला.

दुपारी सुरमईचे कालवण आणि भात, मग सर्वांची विश्रांती. उन्हे उतरल्यावर इस्राएल आळीतून चालत सिनेगॉगपर्यंत गेलो. तिथल्या वयस्कर गृहस्थांनी आम्हाला डोके झाकायला सांगून आत नेले आणि आईशी ते इतक्या सहज अलिबागी मराठीत बोलत होते की दोघांना जुनी ओळख असावी असे वाटले. बाहेर पडताना बाजारातून पांढऱ्या कांद्याच्या माळा घेतल्या. नवा कांदा फेब्रुवारीच्या सुमारास बाजारात येऊ लागतो, हेही तारीख ठरवताना मनात होते. माळ घेताना पात बारीक आणि नीट वळलेली आहे ना, ते पाहून घ्यावे. परतीची रो-रो संध्याकाळची होती. त्या वेळी समुद्र मधल्या पातळीवर असल्याने चढण्या-उतरण्याची काही अडचण आली नाही.

रेवदंडा-चौल आम्ही दिवाळीनंतर करणार आहोत. तिथला कोट जमिनीवर आहे आणि कोर्लईचा किल्लाही टेकडीवर, त्यामुळे ओहोटीची अट नाही, कोणताही शनिवार चालेल. मात्र कोर्लईची चढण आईला झेपणार नाही. तेवढा वेळ तिला सावलीत बसता येईल असे घर खाडीजवळ मिळते का, याची चौकशी मी काकूंकडे आतापासूनच करून ठेवली आहे.